शरणपूर ते फ्रेअर टाउन

मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर, केनियाच्या मुख्य भूमीवर वसलेल्या फ्रेअर टाउन येथील इमॅन्युएल चर्च आणि त्याच्याजवळची जुनी घंटा ही पूर्व आफ्रिकेतील गुलामगिरीविरोधी लढ्याची स्मारके मानली जातात. परंतु त्या वसाहतीच्या आरंभीच्या रहिवाशांपैकी अनेकजण समुद्रापासून दूर, गोदाकाठच्या नाशकात लहानाचे मोठे झाले होते, याची जाणीव महाराष्ट्रात फार थोड्यांना आहे.

नाशिकच्या शरणपूर रोडला जिच्यामुळे नाव मिळाले, ती शरणपूरची वस्ती 'चर्च मिशनरी सोसायटी' या इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मप्रसारक संस्थेने १८५० च्या दशकात वसवली. अरबी समुद्रातून गुलाम नेणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यांतून सोडवलेल्या मुलांपैकी अनेकांना मुंबईत उतरवून पुढे शरणपुरातील 'आफ्रिकन असायलम' या आश्रयशाळेत ठेवले जाई, आणि विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ती अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे धंदे शिकत. या मुलांना मुक्तता मिळाली खरी, पण बहुतेकांची जन्मनावे कायमची पुसली गेली, आणि इतिहासात ती इंग्रजी नावांनीच उरली. हे नुकसान लहान नव्हे.

'नासिक बॉइज' म्हणून ओळखल्या गेलेल्या या तरुणांपैकी काही डेव्हिड लिव्हिंग्स्टन या संशोधक-प्रवाशाबरोबर आफ्रिकेच्या अंतर्भागात गेले. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचे निधन झाले, तेव्हा त्याचे हृदय एका झाडाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना शरणपुरात शिकलेल्या जेकब वेनराइटने वाचली, आणि झाडाच्या खोडावर स्मृतिलेखही त्यानेच कोरला. लिव्हिंग्स्टनचे सोबती सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली सहकाऱ्यांनी वाळवलेले पार्थिव अनेक महिने खांद्यावर वाहत आणले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले, तेथील कॅथलिक मिशनच्या चर्चमध्ये विसावले आणि मग समुद्रमार्गे इंग्लंडला गेले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट उभा होता.

त्याआधीच, १८७३ मध्ये, मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला होता. सोडवलेल्या माणसांसाठी मोंबासाजवळ वसाहत उभारण्याचे काम प्राइसकडेच आले, आणि १८७५ च्या सुमारास वसलेल्या त्या गावाला फ्रेअर यांचे नाव देण्यात आले. तेथे शिक्षक, कारागीर आणि धर्मोपदेशक म्हणून कामाला आलेल्या शरणपूरकरांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हटले जाई. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनपदाची, म्हणजे पाळकाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. चर्चजवळची घंटा प्रार्थनेसाठी वाजे. गुलामांचे व्यापारी चालून येत असल्याचा इशाराही तीच देई, असे सांगितले जाते. स्वाहिली भाषेत घंटेला 'केंगेले' म्हणतात, आणि त्यावरून त्या परिसराला पडलेले 'केंगेलेनी' हे नाव आजही प्रचारात आहे.

नाशिकचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पंचवटी आणि गोदाघाट यांच्याबरोबरीने शरणपूरच्या या मुलांनाही त्यात जागा द्यावी. त्यांच्यातला मॅथ्यू वेलिंग्टन हा लिव्हिंग्स्टनचे पार्थिव वाहणाऱ्यांपैकी एक होता. १९३५ मध्ये तो मोंबासातच वारला.