जिममध्ये आपले आई-बाबा कुठे आहेत?



पूर्वी करामा-बर दुबईतल्या आपल्या घरांत जिम म्हणजे विशीतल्या पोरांचा प्रांत. दंड फुगवायचे, फोटो गावी पाठवायचे आणि लग्न ठरले की जिम सुटायची! बाकीच्यांचा व्यायाम म्हणजे हिवाळ्यात सफा पार्कला, १९९४ नंतर ममझारला फेरी. पुढे नव्या इमारतींत पोहण्याच्या तलावाशेजारी जिम आली आणि चित्र पालटले. २०१७ साली दुबईत 'रोज तीस मिनिटे, तीस दिवस' हा फिटनेस चॅलेंज सुरू झाला. पहिल्या वर्षी सुमारे ७ लाख ८६ हजार लोकांनी भाग घेतला, २०२४ मध्ये २७ लाखांहून अधिक.

आमच्या इमारतीपुरते सांगतो. पहाटे साडेपाचला चाळिशीतले येतात, बहुतेक रिपोर्टमध्ये साखर दिसल्यावर (मीही त्यातलाच). शाळेची बस गेली की वहिनीमंडळी. रात्री नऊनंतर तरुण, आरशासमोर. जानेवारीत त्यांची झुंबड, मार्चमध्ये निम्मे गायब. आम्ही घाबरलेले मात्र टिकतो. २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली, तशी शुक्रवार सकाळची गर्दी शनिवारी सरकली. जुलै-ऑगस्टमध्ये सगळे मायदेशी, जिम ओस.

साठीपुढचे कोणी दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात माझे बाबा सांगलीहून आले. वय ७१, तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढलेले. येथे मात्र दोन महिने सोफा आणि टीव्ही. "ती यंत्रं तुम्हा पोरांची," म्हणायचे. मलाही आग्रह करावासा वाटला नाही, हे कबूल करतो. एके दिवशी बाथरूममध्ये तोल गेला. मनगटावर निभावले. डॉक्टर म्हणाले, पायांतली ताकद गेली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम सांगितला आहे, शिवाय किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा. नुसती फेरी पुरत नाही ती यासाठी.

मग सकाळी दहाला, जिम रिकामी असताना, बाबांना घेऊन जाऊ लागलो. यंत्राला हात नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, मग कठडा धरून एका पायावर उभे राहणे. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाची बैठक चुकते म्हणून स्वतःच उठून सांगायला गेले!

यंदा ज्यांच्याकडे आई-बाबा येणार आहेत, त्यांनी पाहुण्यांना जिम चालते का, हे आधी वॉचमनला विचारून ठेवावे. आमच्याकडे वेगळे कार्ड करावे लागले. त्यात आठवडा गेला.