सदोष माल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विकत घेतलेली वस्तू सदोष निघाली तर ती दुरुस्त करून देणे, बदलून देणे किंवा तिचे पैसे परत करणे ही जबाबदारी भारतात कायद्याने ठरवून दिलेली आहे. ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ मध्ये झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. गुणवत्ता, प्रमाण, परिणामकारकता, शुद्धता किंवा दर्जा यांपैकी कशातही उणीव असेल तर तिला हा कायदा ‘दोष’ म्हणतो. असावा तो दर्जा कोणता, हे कायद्यावरून, करारावरून किंवा विक्रेत्याने वस्तूबद्दल जे सांगितले त्यावरून ठरते. व्याख्या इतकी मोकळी असूनही बहुतेक तक्रारी दुकानातच विरतात, कारण दुकानदार सांगतो तोच कायदा असे ग्राहक धरून चालतो.

सगळ्यात जुना आणि चिवट गैरसमज बिलाच्या तळाशी छापलेला असतो: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ही ओळ सदोष मालाला लागू होत नाही. बिलात मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देणे, याला कायद्याने ‘अनुचित व्यापार प्रथा’ ठरवले आहे. दुकानदाराने स्वतः छापून घेतलेली ओळ संसदेने केलेल्या कायद्यापेक्षा वरचढ ठरू शकत नाही. ३० दिवस उलटले म्हणजे सारे संपले, असेही नाही. दोषाबद्दल ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफही करू शकतो.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. घरी गेल्यावर साडीचा रंग आवडला नाही किंवा तोच मिक्सर शेजारच्या दुकानात स्वस्त दिसला, तर माल परत करण्याचा हक्क कायदा देत नाही. अशा वेळी दुकानदार बदलून देतो तो गिऱ्हाईक टिकावे म्हणून. हक्क निर्माण होतो तो वस्तूतल्या दोषामुळे. ऑनलाइन खरेदीतही हा फरक लक्षात ठेवावा लागतो. सात किंवा दहा दिवसांत माल परत घेण्याची सोय ही त्या कंपनीची योजना असते. मात्र २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष किंवा बनावट असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेणे नाकारता येत नाही. (उशिराचे कारण विक्रेत्याच्या आवाक्याबाहेरचे असेल तर गोष्ट वेगळी.) तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे हेही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

सेलमध्ये घेतलेल्या मालाला तक्रार नसते, ही समजूतही चुकीची आहे. किंमत कमी केली म्हणून जबाबदारी कमी होत नाही. दोष आधी दाखवून, तसे बिलावर लिहून ‘सेकंड’ म्हणून माल विकला असेल तर त्याच दोषाबद्दल नंतर भांडता येत नाही, एवढाच अपवाद.

फ्रिज किंवा टीव्ही बिघडला की दुकानातून ठरलेले उत्तर मिळते: ‘आमचा संबंध नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा.’ पैसे दुकानदाराने घेतलेले असतात आणि विक्रीचा करार त्याच्याशीच झालेला असतो. वस्तू ज्या कामासाठी किंवा ज्या वर्णनाने विकली त्याला ती उतरली पाहिजे, हे तत्त्व १९३० च्या मालविक्री कायद्यापासून चालत आलेले आहे. म्हणून आयोगाकडे तक्रार करताना विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही विरुद्ध पक्ष करणे शहाणपणाचे. दोघांपैकी कोणी किती भरायचे, हे आयोग ठरवतो. सदोष वस्तूमुळे इजा झाली किंवा इतर मालमत्तेचे नुकसान झाले, तर २०१९ च्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यानुसार उत्पादनात दोष असेल तर आपला हलगर्जीपणा नव्हता, एवढे सांगून उत्पादकाची सुटका होत नाही.

वॉरंटीबद्दल दोन्ही बाजूंनी गोंधळ असतो. वॉरंटी हे उत्पादकाने दिलेले जादा आश्वासन आहे. मूळ हक्क तिच्यावर अवलंबून नाहीत. घडणीतच असलेला दोष वॉरंटी संपल्यावर उघड झाला तरी तक्रार करता येते. मात्र तो दोष मुळातला आहे, वापरातल्या झिजेचा नाही, हे दाखवणे तेव्हा अवघड जाते. दुसरीकडे, एखादा भाग बिघडला की अख्खी वस्तू नवी मिळते, ही अपेक्षाही बरोबर नाही. मोटारगाडीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचेच वचन असेल, तर त्या आधारावर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश देता येणार नाही. गाडी मुळातच सदोष आहे आणि दुरुस्तीने सुधारणारी नाही, हे सिद्ध झाले तर चित्र बदलते. त्यासाठी प्रत्येक खेपेचे जॉब कार्ड जपून ठेवावे लागते. सर्व्हिस सेंटरमधून बाहेर पडताना त्यावर आपली तक्रार आपल्या शब्दांत नोंदली आहे की नुसते ‘जनरल चेकअप’ लिहिले आहे, हे पाहून घेतलेले बरे. एकच बिघाड चार वेळा नोंदलेली चार जॉब कार्डे असतील तर प्रकरण निम्मे सिद्ध झाल्यासारखे असते. त्याआधी गल्लीतल्या मेकॅनिककडून वस्तू उघडून घेतली तर मात्र दोष कोणाचा, हा वाद कंपनीला आयता मिळतो.

दोष डोळ्यांना दिसत नसेल तर ग्राहक हतबल होतो, असेही मानले जाते. प्रत्यक्षात तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. तपासणीचे शुल्क सुरुवातीला तक्रारदाराला भरावे लागू शकते.

नमुनाच शिल्लक नसेल तर काय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला दर खरिपात भेडसावतो. बियाणे पेरले की ते मातीत गेले; उगवले नाही तर तपासायला पाठवणार काय? कंपन्या नेमका हाच बचाव घेत आल्या. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि पुढे कधी तरी तपासणी लागेल म्हणून त्याने विकत घेतलेल्या बियाण्यातले थोडे बाजूला काढून ठेवावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हा निकाल फार मोलाचा आहे, कारण सदोष बियाण्यात जाते ते केवळ पिशवीचे पैसे नसतात. खत, मजुरी, पेरणीची वेळ आणि कित्येकदा तो सबंध हंगाम जातो. २०२० च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीन उगवलेच नाही आणि हजारो शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली, तेव्हा हे उघड दिसले. अशा वेळी कृषी विभागाकडे लेखी तक्रार लगेच द्यावी. त्यावर तालुकास्तरीय समिती शेतात येऊन पाहणी करते आणि तिचा पंचनामा हा पुढे सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. पाहणीआधी शेत मोडले तर पुरावाही त्याबरोबर जातो. रिकामी पिशवी, तिला शिवलेला टॅग, त्यावरचा लॉट क्रमांक आणि तोच क्रमांक असलेली पावती एकत्र ठेवणे हे बियाणे जपण्याइतकेच महत्त्वाचे.

ग्राहक कोण, याबद्दलही संभ्रम आहे. भेट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करता येत नाही असे अनेकांना वाटते, पण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक असते. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेला माल या कायद्यात बसत नाही. तरीही पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली शिलाई मशीन किंवा रिक्षा ‘व्यापारी कारण’ धरली जात नाही.

बिल नाही म्हणजे हक्क नाही, हे दुकानदाराच्या सोयीचे म्हणणे आहे. बिल न देणे हीच मुळात अनुचित व्यापार प्रथा आहे. यूपीआयची नोंद, शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड, दुकानदाराशी झालेले मेसेज यांवरूनही खरेदी दाखवता येते. तरी बिल मागून घेण्याला पर्याय नाही.

खर्चाची भीती बहुतांशी निराधार आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. येथे मोजलेली किंमत धरतात, मागितलेली भरपाई नव्हे. वकील सक्तीचा नाही. वस्तू पुण्यात घेतली आणि तक्रारदार लातूरला राहत असेल तर लातूरच्या आयोगातही तक्रार चालते. ती ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केलेली तक्रार मात्र आयोगातली तक्रार नव्हे. हेल्पलाइन कंपनीशी बोलून तोडगा काढण्याचा प्रयत्न करते, पण तिला आदेश देता येत नाही. तिच्यावर विसंबून दोन वर्षांची मुदत हातची घालवू नये.

निकाल तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात रिक्त पदे आणि तारखा यांमुळे अनेकदा बराच जास्त वेळ जातो. हे आधीच माहीत असलेला ग्राहक मधल्या तारखांना खचत नाही. निकाल लागल्यावर आयोग दोष काढून देणे, वस्तू बदलणे, व्याजासह किंमत परत करणे आणि मनस्ताप व नुकसानीची भरपाई यांपैकी एक किंवा अनेक आदेश देऊ शकतो. त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करता येते, पण पैसे द्यायला सांगितलेल्या पक्षाला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश कागदावरच राहतो, ही समजूतही कायद्याला धरून नाही. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.