पंप-अ‍ॅक्शन शॉटगनची पारख

पंप-अ‍ॅक्शन शॉटगनचे सारे यंत्र चालवणाऱ्याच्या हातावर चालते. नळीखालची सरकती मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलली की नवे काडतूस चेंबरमध्ये बसते आणि बोल्ट बंद होतो. अर्धस्वयंचलित बंदुकीला हीच हालचाल जळत्या बारुदीच्या वायूपासून किंवा बंदुकीच्या धक्क्यापासून मिळवावी लागते. त्यामुळे काडतूस हलके असले की ती अडखळू शकते. पंपाला काडतुसाच्या ताकदीची अशी गरज नसते. अमेरिकेत शिकारी, पोलीस आणि लष्कर या तिघांचाही या बंदुकीवर शंभराहून अधिक वर्षे विश्वास बसला, तो मुख्यतः यामुळे. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली विंचेस्टर १८९७ पहिल्या महायुद्धात खंदकांत वापरली गेली आणि तिच्या वापराविरुद्ध जर्मनीने १९१८ मध्ये अधिकृत निषेध नोंदवला.

रचना भरवशाची असली, तरी त्या रचनेची प्रत्येक बंदूक तशी निघतेच असे नाही. बंदूक हातात घेणारा बहुतेकदा तिचे वजन, दस्त्याचे लाकूड आणि नळीची चकाकी पाहतो. भरवसा ठरतो तो आतल्या चार-पाच जागी: बोल्ट जिथे अडकतो तिथे, चेंबरच्या आतल्या पृष्ठभागावर, रिकामे काडतूस ओढणाऱ्या आकड्यावर आणि मॅगझीनमधून एका वेळी एकच काडतूस सोडणाऱ्या खटक्यांवर.

बोल्टच्या अडकण्यापासून सुरुवात करणे योग्य, कारण त्याविषयी गैरसमज सर्वांत जास्त आहेत. बार उडताना काडतुसाचा तळ बोल्टवर जोराने मागे रेटतो. जुन्या विंचेस्टर १८९७ किंवा १९१२ या बंदुकांत बोल्ट मुख्य सांगाड्यात, म्हणजे रिसीव्हरमध्ये अडकत असे. हा रेटा रिसीव्हरलाच सोसावा लागे, म्हणून तो घडीव पोलादाचा असणे आवश्यक होते. १९५० मध्ये आलेल्या रेमिंग्टन ८७० मध्ये बोल्टमधला ठोकळा वर उठतो आणि नळीच्याच मागे वाढवलेल्या भागातल्या खाचेत बसतो. बोल्ट आणि नळी एकमेकांना धरून ठेवतात, रेटा त्या दोघांतच राहतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या मॉसबर्ग ५०० मध्येही तत्त्व हेच आहे. तिचा रिसीव्हर मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे. ‘अ‍ॅल्युमिनियम म्हणजे कच्ची बंदूक’ हा शेरा त्यामुळे टिकत नाही. त्या रिसीव्हरने बार सोसायचाच नसतो. त्याने सुटे भाग जागच्या जागी धरायचे असतात. पोलादी रिसीव्हर झीज अधिक सोसतो, वर्षानुवर्षांच्या वापराने त्यातली हालचाल आणखी मऊ होते. अ‍ॅल्युमिनियम हलके असते आणि गंजत नाही. खांद्यावर बंदूक घेऊन दिवसभर चालणाऱ्याला हा फरक कळतो.

सरकत्या मुठीला बोल्टशी जोडणाऱ्या पट्ट्यांचेही असेच आहे. रेमिंग्टन ८७० ला दोन पट्ट्या आहेत. मॉसबर्गला आधी एकच होती, १९७० पासून दोन झाल्या. दोन पट्ट्यांमुळे ओढ दोन्ही बाजूंनी सारखी बसते आणि बोल्ट तिरका होत नाही. तरीही विंचेस्टर १९१२ आणि इथाका ३७ या नावाजलेल्या बंदुका एकाच पट्टीवर उत्तम चालल्या, कारण ती पट्टी आणि तिची खाच बारकाईने घासून बसवलेली होती. नुसत्या पट्ट्या मोजून निकाल देता येत नाही.

मुठीच्या हलण्याचाही उगाच बाऊ केला जातो. मॉसबर्गची मूठ हातात थोडी खुळखुळते आणि दुकानात ते ऐकून गिऱ्हाईक नाक मुरडते. धूळ, चिखल आणि थिजलेले तेल यांना वाट देणारी थोडी ढिलाई कामाच्या बंदुकीत चालते. बोल्ट बंद झाल्यावर तो नळीशी घट्ट बसतो की नाही, एवढेच महत्त्वाचे.

खरी अडचण बहुतेकदा चेंबरमध्ये असते. बार उडाला की काडतूस फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब उतरला की थोडे आकसते. भिंत गुळगुळीत असेल तर ते सहज सुटते. यंत्राच्या हत्याराचे ओरखडे राहिले असतील किंवा गंज चढला असेल तर अडकते. स्वस्त काडतुसांच्या तळाला पितळेऐवजी मुलामा दिलेले पोलाद असते. ते पितळेइतके आकसत नाही, त्यामुळे खरबरीत चेंबरमध्ये तेच आधी रुतते. मग मूठ मागे येतच नाही आणि दोष कधी काडतुसाला दिला जातो, कधी हाताला.

रेमिंग्टन ८७० चा इतिहास इथे फार बोलका आहे. आजवर १ कोटीहून अधिक संख्येने बनलेली ही बंदूक. तिचा विंगमास्टर हा प्रकार चकचकीत निळ्या पोलादाचा आणि अक्रोडाच्या दस्त्याचा. १९८७ मध्ये कंपनीने एक्सप्रेस हा स्वस्त प्रकार काढला. रचना तीच, पण बाहेरचे पॉलिश गेले आणि तिथे मंद, खरबरीत पृष्ठभाग आला. त्याच्यावर गंज लवकर धरतो. पुढे चापाभोवतीचे कडे प्लॅस्टिकचे झाले. काडतूस ओढणारा आकडा पूर्वी पोलाद कापून बनवत. आता तो धातूची भुकटी साच्यात घालून, भट्टीत भाजून बनू लागला. ही पद्धत मुळात वाईट नव्हे, पण इतक्या छोट्या आणि इतका ताण सोसणाऱ्या भागासाठी कापीव पोलादाचा आकडाच अधिक विश्वासाचा. खरबरीत चेंबरची तक्रारही नंतरच्या काळातल्या एक्सप्रेसबद्दल वारंवार झाली. कंपनी २०१८ आणि २०२० मध्ये दोनदा दिवाळखोरीत गेली. म्हणून ‘८७० चांगली का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या वर्षाची आणि कोणत्या प्रकारची, हे विचारायला हवे. जुनी, नीट राखलेली विंगमास्टर अनेकदा दुकानातल्या नव्या बंदुकीपेक्षा सरस ठरते.

मॉसबर्गमध्येही असे थर आहेत. साध्या ५०० चे चापाचे कडे प्लॅस्टिकचे. लष्करासाठी बनवलेल्या ५९०ए१ मध्ये ते धातूचे आणि नळी जाड भिंतीची आहे. अमेरिकी लष्कराच्या मानकात पूर्ण ताकदीच्या १२ बोअर काडतुसांच्या ३,००० फैरींची कसोटी आहे, त्या कसोटीसाठी ही बंदूक ओळखली जाते. काडतूस ओढायला मॉसबर्गला दोन आकडे आहेत, ८७० ला एक.

बिघाडाचे सर्वांत मोठे कारण मात्र माणूसच असतो. घाईत मूठ पूर्ण मागे येण्याआधी पुढे ढकलली गेली, तर रिकामे काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवे वर येत नाही. जुन्या ८७० मध्ये अशा वेळी काडतूस बोल्ट आणि ते उचलणाऱ्या पट्टीच्या मध्ये अडकून सारे यंत्र बंद पडे. पुढे त्या पट्टीत इंग्रजी यू अक्षरासारखी चीर पाडून एक लवचीक जीभ काढण्यात आली, म्हणजे अडकले तरी मूठ मागे ओढता येते. जुनी बंदूक घेताना पट्टी कोणती आहे, हे आधी बघावे.

बंदूक तपासताना ती रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने, चेंबर आणि मॅगझीन दोन्हींत करणे हा पहिला नियम आहे. मग नळीतून उजेडाकडे पाहावे. आत काळी वर्तुळाकार सावली दिसली तर नळी फुगलेली असू शकते. अशी बंदूक बाजूला ठेवावी. चेंबरमध्ये ओरखडे आणि गंजाचे खड्डे शोधावेत. घोडा चढलेला असताना, मूठ मोकळी करणारा सोडणखटका न दाबता ती मागे येता कामा नये. बारूद नसलेली नकली काडतुसे मॅगझीनमध्ये भरून ती हळू आणि जोरात, दोन्ही तऱ्हांनी चालवून पाहावीत. एकाऐवजी दोन काडतुसे सुटली, तर अडवणारे खटके झिजलेले किंवा ढिले आहेत. ८७० मध्ये हे खटके रिसीव्हरला ठोकून बसवलेले असतात. ते सुटले तर दुरुस्ती कारागिराकडेच होते. मॉसबर्गमध्ये ते सुटे असल्याने हाताने बदलता येतात, ही तिची मोठी सोय आहे. आकड्याची धार बोथट झाली नाही ना आणि त्याची स्प्रिंग जोरात परत येते ना, तेही बोटाने दाबून कळते. बोल्ट आणि काडतुसाच्या तळामधले अंतर मात्र जाणत्या कारागिराने गेजने मोजावे, ते डोळ्यांना दिसत नाही.

शेवटी गोळीबाराच्या मैदानावर चाचणी घ्यावी, तीही ज्या काडतुसांवर बंदूक पुढे चालायची आहे त्यांवर. महागड्या पितळी काडतुसांवर सुरळीत चाललेली बंदूक स्वस्त काडतुसांवर अडू शकते, म्हणून दोन्ही चालवून पाहावीत. लांब काडतुसांसाठी चेंबर पुरेसे आहे की नाही हे नळीवर कोरलेले असते. तो आकडा वाचल्याशिवाय लांब काडतूस भरू नये.