बाळासाठी घरचं खेळणं : काय करावं, काय टाळावं



वस्तीत घरभेटीला गेले की नेहमी ऐकते, "ताई, खेळण्यांना पैसे कुठनं आणायचे?" आणि बाळासमोर मोबाइल सुरू असतो. सकाळी मजुरीला निघायची घाई, चूल-पाणी, म्हणून मोबाइल दिला जातो हे मला कळतं. पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मोबाइल, टीव्ही दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. या वयात मेंदू सगळ्यात वेगाने वाढतो. हाताने धरणं, आपटणं, तोंडात घालणं, आईशी बोलणं यातून तो वाढतो.

शिक्षण पहिलीपासून सुरू होतं असं आपण धरून चालतो. ते पाळण्यापासूनच सुरू होतं. १९८६-८७ साली जमैका देशातल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत, कुपोषणाने खुज्या राहिलेल्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका जाऊ लागल्या. आठवड्यातून एक तास, दोन वर्षं. घरच्या आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन बाळाशी कसं खेळायचं ते त्या आईला दाखवत. वीस वर्षांनी पाहिलं, तर ज्यांच्या घरी कुणी गेलं नव्हतं त्यांच्यापेक्षा या मुलांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त होती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, पानं, दगड यांतूनच बालशिक्षण उभं केलं.

वयाप्रमाणे खेळणी अशी :

३ ते ६ महिने : जुन्या साडीच्या रंगीत चिंध्यांचा घट्ट शिवलेला चेंडू. झाकणाच्या लहान बाटलीत थोडे तांदूळ घालून खुळखुळा करा. झाकण घट्ट लावून बाटली कापडाच्या पिशवीत शिवून टाका.

६ ते १२ महिने : स्टीलच्या वाट्या, डबा, चमचा. वाटी फडक्याखाली लपवा आणि बाळाला शोधू द्या.

१ ते २ वर्षं : नारळाच्या करवंट्या. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत घासा. एकावर एक ठेवणं, पाणी भरणं-ओतणं. खोक्याला दोरी बांधून गाडी करा. दोरी वीतभरच ठेवा, लांब दोरीचा गळ्याला फास बसतो.

२ ते ३ वर्षं : चिंधीची बाहुली, तिचे डोळे-तोंड दोऱ्याने काढा, बटण लावू नका. मोठे शिंपले धुऊन लहान-मोठे वेगळे करायला द्या.

आता धोका. तीन वर्षांच्या आत सव्वा इंचापेक्षा बारीक वस्तू हातात देऊ नका, ती श्वासनलिकेत अडकते. चिंचोके, मणी, बाटलीची झाकणं दूर ठेवा. गुंजा, एरंड आणि मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात. माळ करायलाही वापरू नका. बटणासारखा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जळू शकते, लगेच दवाखान्यात न्या. होडीचा उरलेला रंग खेळण्याला लावू नका, त्यात विषारी द्रव्यं असतात. किनाऱ्यावर सापडलेल्या बाटल्या, सुया, गळ, जाळ्याचे तुकडे घरी आणू नका.

एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं, रडणं-खोकणं बंद झालं, तर त्याला हातावर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा, पाठीवर खांद्यांच्या मधोमध पाच थापा मारा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. पुन्हा थापा, पुन्हा दाब. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्या कुणाला १०८ ला फोन करायला सांगा.

खेळणी रोज साबणाने धुवा, तुटलं की टाकून द्या. बाळाबरोबर दिवसातून पंधरा-वीस मिनिटं बसा. वस्तूंची नावं घ्या, बाळ आवाज काढेल त्याला उत्तर द्या. वडील, आजी, मोठी भावंडं, कुणीही बसू शकतं.

रविवारी वंदनेनंतर विहारात जुन्या साड्या, सुई-दोरा आणि करवंट्या घेऊन जमा. अंगणवाडीताईंनाही बोलवा. दोन तासांत दहा घरांची खेळणी तयार होतात.