दुकान तात्पुरतं, लिंक टिकाऊ

जाहिरातीला पैसे लागतात, बातमीला घटना लागते. आणि पॉप-अप, म्हणजे थोड्या काळापुरतं थाटलेलं दुकान ही मुद्दाम घडवलेली घटनाच असते. २०१८मध्ये पेलेस या स्वस्त पादत्राणांच्या अमेरिकी कंपनीने सांता मोनिकात ‘पलेसी’ नावाचं उंची दुकान थाटलं. २०-४० डॉलरचे जोड इन्फ्लुएन्सरांनी शेकडो डॉलर मोजून घेतले. मग हे आपलेच स्वस्त जोड असल्याचं गुपित फोडून कंपनीने पैसे परत केले आणि ही गंमत देशोदेशीच्या वृत्तसंकेतस्थळांवर झळकली.

यावर आक्षेप असा, की २०१९मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केलाच. खरं आहे, पण प्रसिद्धी कर्ज फेडत नाही, फक्त ओळख मिळवून देते. दुकान उठलं तरी बातमीतली आपल्या पानाची लिंक राहू शकते आणि सर्च इंजिन विश्वासार्ह लिंकना वजन देतात. म्हणून दुकानाचं पान आधीच आपल्या वेबसाइटवर टाका आणि नंतरही काढू नका.