जुना संगणक आणि लिनक्स : निर्लेखनापूर्वी एक प्रयत्न

शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद असावी आणि प्रत्यक्षात तो कपाटाआड पोत्याखाली झाकलेला असावा, हे दृश्य कोकणातील खेड्यापाड्यांत विरळ नाही. एखादा मुंबईकर ग्रामस्थ गणपतीला गावी येताना कचेरीतून निघालेले यंत्र शाळेस भेट देतो. दोन पावसाळे ते बरे चालते, पुढे मंदावते आणि एके दिवशी ‘नादुरुस्त’ असा शेरा मिळून अडगळीत पडते. तो शेरा मारण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. बिघडले आहे ते यंत्र, की यंत्र चालविणारी प्रणाली? या दोहोंतील भेद ध्यानी आला, म्हणजे टाकाऊ ठरलेली कित्येक यंत्रे पुन्हा वर्गात आणता येतील.

संगणकाचा कळफलक, पडदा, रॅम व हार्ड डिस्क यांना एकमेकांच्या मेळाने कामास लावणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही सर्वांच्या परिचयाची कार्यप्रणाली होय. तिच्या दहाव्या आवृत्तीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि २०२१ साली आलेली अकरावी आवृत्ती २०१८ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांस स्वीकारीत नाही. परिणामी धडधाकट यंत्रही निरुपयोगी भासू लागते. लिनक्सचा उपयोग होतो तो येथेच. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तिचा गाभा लिहून जगासाठी खुला केला. पुढे सहस्रावधी लोकांच्या श्रमांतून ती वाढली. ती विनामूल्य आहे, तिच्या प्रती काढून वाटण्यास मुभा आहे आणि तिच्या काही आवृत्त्या जुन्या यंत्रांस मानवतील इतक्या हलक्या आहेत.

प्राथमिक शाळेत ही प्रणाली चालेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शेजारच्या रायगड जिल्ह्यात मिळते. कर्जतजवळील खैराट या आदिवासी वस्तीच्या एकशिक्षकी मराठी शाळेत २००७ साली मुलांना लहान संगणक देण्यात आले. त्यांत लिनक्सच होती आणि रॅम अवघी २५६ एमबी. ती यंत्रे मुद्दाम त्या कामासाठी घडविलेली होती हे खरे. तथापि आज अडगळीत पडलेल्या यंत्रांत पुष्कळदा २ जीबी, म्हणजे तिच्या आठपट रॅम असते. केरळ राज्यानेही २००१ साली सुरू केलेल्या आपल्या शालेय संगणक प्रकल्पात पुढे लिनक्सचाच अवलंब केला.

प्रत्यक्ष कृतीचा क्रम असा ठेवावा. प्रथम मुख्याध्यापकांची संमती घ्यावी. गुणपत्रके, दाखले व हजेरी यांच्या फायली दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात, कारण नवी प्रणाली बसविताना डिस्क बहुधा पुसली जाते. नंतर चालू असलेल्या दुसऱ्या संगणकावर ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती भरावी. तिला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असल्यास उत्तम. या पेनड्राइव्हवरून जुना संगणक सुरू केला, तर डिस्कला हात न लावता सारी प्रणाली चालवून पाहता येते. ध्वनी, वाय-फाय व छपाईयंत्र चालते की नाही, हे तेव्हाच तपासावे. शाळेस लागणारी एखादी आज्ञावली केवळ विंडोजवरच चालणारी असल्यास तिच्यासाठी एक यंत्र वेगळे राखावे.

रोजच्या वापरात येणाऱ्या अडचणी थोड्या आहेत व त्यांची कारणे बहुधा साधी असतात.

(१) उन्हाळी सुट्टीनंतर शाळा उघडते, संगणक सुरू होतो, पण कोणतेही संकेतस्थळ ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाही. अशा वेळी प्रथम दिनांक पाहावा. आतील नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्या दिनांकाशी जुळत नाहीत. सीआर २०३२ ही बॅटरी बदलून दिनांक नीट लावला की काम होते.

(२) यंत्र चालू होते, पण पडदा काळाच राहतो. कोकणच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवरील संपर्कबिंदूंवर मळ धरतो. वीज पूर्ण तोडून पट्टी काढावी, संपर्कबिंदू खोडरबराने हळुवार पुसून ती पुन्हा घट्ट बसवावी.

(३) जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या असता मराठीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. फाईल बिघडलेली नसते. ती युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेली असते. मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा. पुढील लेखनासाठी कळफलकाची मराठी इनस्क्रिप्ट रचना निवडावी.

(४) डिस्क भरल्याची सूचना येते. ट्रॅश रिकामा करावा. तरीही जागा न झाल्यास टाइमशिफ्टने साठविलेल्या जुन्या प्रती पाहाव्यात. एकदोन ठेवून बाकीच्या काढाव्यात.

(५) वाय-फाय सापडत नाही. मोबाईल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकास द्यावे आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून आवश्यक ड्रायव्हर घ्यावा.

इतके करूनही यंत्र चालले नाही, तर निर्लेखनाचा प्रस्ताव अवश्य पाठवावा. परंतु डिस्कवरील विद्यार्थ्यांची माहिती आधी पुसावी, उपयोगी सुटे भाग नियमानुसार राखून ठेवावेत आणि उरलेले यंत्र भंगारात न देता ई-कचरा नियम, २०२२ अन्वये नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जाईल असे पाहावे.

शहरातील मुलाला संगणक घरी मिळतो. डोंगरकपारीच्या वाडीतील मुलाला तो बहुधा शाळेतच मिळावयाचा. शाळेतील एकमेव यंत्र पोत्याखाली गेले, तर त्याचे शिक्षण तेवढे उणे राहते. म्हणून बॅटरी बदलताना वा रॅम पुसताना वरच्या वर्गातील चार मुले जवळ उभी करावीत आणि काय बिघडले असावे, ते त्यांनाच आधी विचारावे. दोष शोधण्याची सवय हा विज्ञानाचाच पाठ आहे, आणि तो शिकविण्यास नवे यंत्र लागत नाही.