बागपतचा उतार

उत्तर प्रदेशातील बागपत हे गाव यमुनेच्या पूर्व काठावर, दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. समोरच्या काठाला हरियाणातील सोनीपतचा मुलूख. १९९७ मध्ये मेरठपासून वेगळा होऊन बागपत जिल्हा झाला. पानिपतला जाणारी मराठी माणसे काला अंबच्या स्मारकापाशी आवर्जून थांबतात. बागपतकडे क्वचितच कोणी वळते. पानिपतच्या मोहिमेचे पारडे मात्र इथल्याच पाण्यात फिरले.

१७६० चा पावसाळा मराठे आणि अफगाण, दोन्ही फौजांना नडला. इटाव्याजवळ नावांचा पूल बांधून यमुना ओलांडायची आणि गंगा-यमुनेमधल्या अंतर्वेदीत अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीला गाठायचे, असा मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंचा मूळ बेत होता. नावा जमवण्याबद्दल त्यांनी मराठ्यांचे तिथले मामलेदार गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रे धाडली. पण वाटेत गंभीर नदीने फौज अडवली आणि यमुनाही दुथडी भरून वाहू लागली. पूल झालाच नाही. भाऊ पश्चिम काठाने मथुरेवरून दिल्लीला गेले. ऑगस्टच्या आरंभी तिथला किल्ला त्यांच्या हाती आला. अब्दाली पूर्व काठावर अडकलेला होता. भाऊंना यमुनेचा जो अडथळा झाला, तोच आता त्यांचा तट बनला.

ऑक्टोबरात भाऊ उत्तरेकडे सरकले. १७ ऑक्टोबरला पश्चिम काठावरचे कुंजपुरा पडले, तिथला अब्दालीचा सरदार अब्दुस्समदखान मारला गेला आणि धान्याचा मोठा साठा मराठ्यांना मिळाला. पुरामुळे अब्दालीला आपल्या माणसांसाठी कुमक धाडता आली नाही. त्यानंतर तो पाणी पुरते ओसरण्याची वाट पाहत बसला नाही. बागपतजवळ उताराचा शोध सुरू झाला. त्याने उपास केला, मंतरलेला बाण नदीत सोडला, अशी आख्यायिका आहे. २५ ऑक्टोबरच्या सुमारास फौज पाण्यात उतरली. उताराच्या दोन्ही अंगांना खोल पाणी होते; वाट चुकलेले स्वार घोड्यांसकट वाहून गेले. तरीही मुख्य फौज, तोफा आणि बुणगे पार झाले.

या घाटावर त्याला रोखण्याइतकी मराठी फौज नव्हती. शत्रू अर्धा पाण्यात, अर्धा काठावर असताना त्याला गाठण्याची संधी हुकली, आणि संपूर्ण मोहिमेत याहून महाग पडलेली चूक दाखवणे अवघड आहे. लवकरच संभळक्याजवळ पहिली चकमक झडली. अब्दाली आता भाऊंची पानिपतची छावणी आणि दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला होता. दक्षिणेची वाट तुटली, रसद आटली. छावणीत माणसे आणि जनावरे उपाशी मरू लागली, तेव्हा १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊंना लढाईला उभे राहावे लागले.

आज बागपतला यमुनेवर पूल आहे. नदी खादरच्या, म्हणजे पूरमैदानाच्या, वाळूत पात्र बदलत राहते, त्यामुळे तेव्हाचा उतार नेमका कुठे, यावर बोट ठेवता येत नाही. वर हथनीकुंडच्या बंधाऱ्यापाशी पूर्व आणि पश्चिम यमुना कालवे बहुतेक पाणी वळवून नेतात. पावसाळ्याखेरीज इतर वेळी इथे दिसते ती रोडावलेली धार. १७६० च्या नदीचा अंदाज घ्यायचा, तर भर पावसाळ्यातच इथे यायला हवे.